मालकांचं घोरणं आणि मध्येच थांबणारा श्वास: दातांवर बसवायची कॅप चालेल का?

करवीरची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या मालकांबद्दल आहे. वय 47. तरुणपणी तालमीत होते, गावोगावच्या जत्रांतल्या मैदानांत कुस्त्या केल्या. तालीम सुटली, खुराक तसाच राहिला, आता वजन 104 किलो आहे. स्वतःचा टेम्पो आहे. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून कास्टिंग भरून भोसरी, चाकणला पोचवतात. बहुतेक फेऱ्या रात्रीच्या.

घोरणं लग्नापासूनचंच, त्याचं मला काही वाटत नव्हतं. सासरेही घोरायचे. पण गेल्या वर्षभरात प्रकार वेगळा झालाय. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो. पोट वरखाली होत असतं, पण नाकाशी हात धरला तर वारा लागत नाही. मी मनात आकडे मोजते, वीस-पंचवीसपर्यंत जातात, मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास घेतात, कूस बदलतात आणि पुन्हा तेच सुरू. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही. रात्री लघवीला दोन-तीनदा उठतात, सकाळी डोकं जड असतं, जेवून भिंतीला टेकले की डोळा लागलाच. बीपीची एक गोळी होती, आता दोन झाल्या.

धाकटे दीर म्हणतात, ऑनलाइन एक कॅप मिळते, गरम पाण्यात बुडवायची, दातांनी चावून आकार द्यायचा, घोरणं बंद. झोपताना मास्क लावायच्या मशीनचं नाव काढलं की हे म्हणतात, "मी काय आयसीयूत हाय का?" ती कॅप मागवू का? दातांचे डॉक्टरही अशी कॅप करून देतात असं ऐकलंय. कुणी करून घेतली असेल तर सांगा. रात्र रात्र मी बसून काढते.

रंकाळा_पहाटफेरी

वहिनी, आधी स्लीप स्टडी करा, म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभराची तपासणी. मीही मशीनला नको म्हणत होतो. ते सीपॅप मशीन म्हणजे ऑक्सिजन नव्हे, आयसीयूचा काही संबंध नाही. साधी हवाच थोड्या दाबाने नाकातून आत सोडतं, त्या दाबाने घसा उघडा राहतो. सुरुवातीला मास्कचा त्रास झाला, नाकाच्या हाडावर वळ उठायचा, मग उशीसारखा नाकपुडीला लागणारा मास्क घेतला तेव्हा जमलं. आता मी पहाटे रंकाळ्याला पूर्ण फेरी मारतो, आधी उठवत नव्हतं. कॅपबद्दल मला माहिती नाही, जाणकार सांगतील.

दातांची_डॉक्टर_मंगळवार_पेठ

ताई, ती ऑनलाइनची कॅप मागवू नका. मी स्वतः अशी उपकरणं करून देते, म्हणजे कॅपच्या विरोधात मी नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात घोरणं ही सगळ्यात लहान गोष्ट आहे.

आवाज बंद, वारा नाही, पण पोट हलतंय. याचा अर्थ शरीर श्वास ओढतंय, आत जायची वाटच मिटली आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. उताणं झोपलं की जिभेचा मागचा भाग आणि पडजीभ मागे सरकतात. मऊ रबरी नळीतून जोरात ओढलं की तिच्या भिंती आत चिकटतात, घशाचं तसंच होतं, जितकं ओढावं तितकं चिकटतं. दहा सेकंदांहून जास्त वेळ हवा थांबली की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून काही क्षण जागा होतो, घसा ताणून उघडतो, पुन्हा झोप. रात्रभर हे चालतं, सकाळी माणसाला पत्ता नसतो. प्रत्येक दचकण्याला बीपी उसळी घेतं. लघवीला उठणं, सकाळचं जड डोकं, दुसरी गोळी, हे सगळं एकाच धाग्याचं असू शकतं.

डॉक्टर मंडळी एक छोटी प्रश्नावली वापरतात, स्टॉप-बँग नावाची. आठ प्रश्न. तुमच्या एवढ्या मजकुरातच पाच ठिकाणी 'हो' येतं: मोठं घोरणं, दिवसा पेंग, श्वास थांबलेला दुसऱ्याने पाहणं, बीपी आणि पुरुष असणं. पाच किंवा त्याहून जास्त आले की जोखीम मोठी धरतात. शिवणकामाची टेप घेऊन मानेचा घेर मोजा. 40 सेंटिमीटरच्या वर भरला तर सहावं 'हो'. तालमीत घडलेली मान मुळातच जाड असते, त्यात चरबी साठली की घशावर बाहेरून दाब येतो. आपल्या कोल्हापुरात माजी पैलवानांच्या घरी हे मी फार पाहते, आणि घरची माणसं "पैलवान गडी आहे, घोरणारच" म्हणून सोडून देतात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कॅप. आमच्या भाषेत जबडा पुढे धरणारं उपकरण. वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक पट्टा बसतो, दोन्ही एकमेकांत अशा अडकतात की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो. जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, हनुवटीच्या मागे चिकटलेला असतो. जबडा पुढे आला की जीभ पुढे येते, पडजिभेमागची जागाही आडवी रुंदावते. एवढंच तिचं काम. कल्पना नवी नाही. जन्मतः लहान जबडा असलेल्या आणि जीभ मागे पडून गुदमरणाऱ्या बाळांसाठी पियेर रोबँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1902 मध्येच जबडा पुढे धरणारं उपकरण वापरलं होतं. सीपॅप त्यानंतर खूप उशिरा, 1981 मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी मांडलं.

गरम पाण्यातली कॅप का नको? ती जबडा किती पुढे न्यायचा हे ठरवत नाही, नंतर नेमकं पुढेमागे करता येत नाही, रात्री सुटून येते, आणि दात हलके असतील तर त्यांच्यावर वाईट जोर देते. पण खरा धोका पुढे आहे. तिने आवाज कमी होतो. आवाज कमी झाला की तुम्ही निवांत झोपाल, आणि श्वास तसाच थांबत राहील, फक्त आता मोजणारं कुणी जागं नसेल. म्हणून मी तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय कुणाच्याही दातांचं माप घेत नाही. पेशंट चिडून निघून गेले तरी चालेल.

स्लीप स्टडी घरीही होते. बोटाला क्लिप, नाकाशी नळी, छातीला पट्टा, आपल्याच अंथरुणात एक रात्र. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा मिळतो. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढे तीव्र. छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ लिहून देतात. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखवून सुरुवात करा. निदान त्यांनी करायचं, दातांच्या डॉक्टरने नाही.

आणि एक गोष्ट आजपासून. तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत त्यांना रात्रीच्या फेऱ्या करू देऊ नका. बदली ड्रायव्हर बघा, भाडं सोडावं लागलं तर सोडा. जेवून टेकल्यावर ज्याचा डोळा लागतो, तो पहाटे तीनला खंबाटकीच्या घाटात कास्टिंग भरलेला टेम्पो घेऊन असतो हे वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

पॅटर्नमेकर_उद्यमनगर

मी ही कॅप वापरतो. शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांचं काम आहे, त्यामुळे ती हातात आल्यावर आधी उलटीपालटी करून बघितली. दोन ॲक्रिलिकचे पट्टे, दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू, फिरवायला टाचणीएवढी चावी. डॉक्टरांनी आधी दातांच्या खाचेत बसणारी एक मोजपट्टी तोंडात दिली, जॉर्ज गेज म्हणतात तिला. जबडा पूर्ण मागे, मग जाईल तेवढा पुढे. माझा दहा मिलिमीटर सरकला. त्याच्या निम्म्याहून थोडं पुढे सुरुवात धरली. चावीचा एक फेरा म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. आमच्या धंद्यात एवढ्या मापाला किंमत आहे, म्हणून बरं वाटलं.

पहिल्या काही रात्री लाळ फार, उशी ओली. कानापुढे जिथे जबड्याची खीळ आहे तिथे ठणका. सकाळी उठून कॅप काढली की मागचे दात एकमेकांना भेटतच नाहीत, पुढचे आधी टेकतात. पोहेसुद्धा नीट चावत नाहीत. डॉक्टरांनी त्यासाठी वेगळा छोटा तुकडा करून दिलाय, तो सकाळी दातांत धरून हळू चावायचा, पंधरा-वीस मिनिटांत जबडा जागेवर येतो. हे न चुकता करा. माझ्या ओळखीच्या एकाने कंटाळा केला, त्याचा चाव कायमचा बदललाय.

आता मुद्द्याचं. पहिल्या तपासणीत माझा आकडा 19 होता. कॅप घालून हळूहळू फेरे देत गेलो, घोरणं थांबलं, घरात आनंदीआनंद. मला वाटलं झालं काम. डॉक्टर म्हणाले, कॅप घालून पुन्हा स्लीप स्टडी. मी म्हटलं, "आवाजच येत नाही तर कशाला?" ऐकलं नाहीत. केली, तर आकडा 11. म्हणजे मुकाट्याने श्वास थांबतच होता. मग आणखी दीड-दोन मिलिमीटर पुढे नेली, पुन्हा तपासली, तेव्हा 4 आला. दुपारची पेंग गेली ती त्यानंतर. आवाजावर भरवसा ठेवू नका.

करवीरची_सून

सगळ्यांचे आभार. मॅडमचं वाचून दाखवलं तेव्हा मालक काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पुतण्याला टेम्पोवर बसवलं. मान 44 भरली.

आज घरच्या तपासणीचा रिपोर्ट आला. आकडा 22. ऑक्सिजन सगळ्यात खाली 81 पर्यंत गेलेला. उताणं झोपल्यावर 34 आणि कुशीवर 11 असं वेगळं लिहिलंय. छातीच्या डॉक्टरांनी मशीन सुचवलं, हे कॅपवर अडून बसलेत. डॉक्टर म्हणाले मध्यम आहे, कॅपचाही विचार होऊ शकतो, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. मॅडम, तुमचं मत हवंय. खालच्या दोन दाढा काढलेल्या आहेत. मावा खायचे, दहा-बारा वर्षं, दोन वर्षांपूर्वी सोडला. आणखी एक, कामाचं आहे का माहीत नाही. हल्ली तांबडा रस्सा त्यांना तोंडाला फार झोंबतो, पांढराच घेतात. भाकरीचा मोठा घासही जात नाही म्हणतात.

दातांची_डॉक्टर_मंगळवार_पेठ

ताई, तुम्ही शेवटी लिहिलंत ते सगळ्यात कामाचं आहे. आत्ताच्या आत्ता त्यांना तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. निरोगी माणसाची जातात.

करवीरची_सून

दोन जातात. तिसरं अडकतं.

दातांची_डॉक्टर_मंगळवार_पेठ

मग क्रम बदलतो. माव्यातल्या सुपारीने गालाच्या आतलं आणि टाळूचं कातडं हळूहळू कडक होतं, पांढरट पडतं, तिखट झोंबायला लागतं, तोंड कमी उघडतं. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तुमच्याकडे तेच आहे असं मी न बघता म्हणणार नाही. पण असेल तर पुढे त्यातून तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून घोरण्याच्या आधी याची तपासणी, याच आठवड्यात. मावा सोडला हे त्यांनी फार मोठं काम केलंय. सोडल्यावरही कडकपणा पूर्ण जात नाही, म्हणून डॉक्टरांची नजर वर्षानुवर्षं हवी. तोंड उघडायचे व्यायाम, गरज पडली तर इंजेक्शनं, असे उपचार असतात.

कॅपचा याच्याशी थेट संबंध आहे. दोन बोटांच्या तोंडात मापाचा ट्रे नीट जात नाही, तयार उपकरण रोज घालता-काढता येत नाही, आणि कडक गालांमुळे जबडा पुढेही कमी सरकतो. निदान पाच मिलिमीटर तरी सरकायला हवा, नाहीतर ओढून घ्यायला काही उरतच नाही. शिवाय प्रत्येक जबड्यात आठ-दहा घट्ट दात लागतात. दोन दाढा नसल्या तरी त्याने अडत नाही, हिरड्या कशा आहेत ते महत्त्वाचं. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा दात हलत असतील तर आधी तो उपचार. कवळीवाल्यांना तर ही कॅप बसतच नाही.

तुमच्या रिपोर्टवर माझं प्रामाणिक मत सांगते. 22 मध्यमात बसतो, आणि कुशीवर तो निम्मा होतो, हे कॅपच्या बाजूने जाणारं आहे. 44 ची मान आणि वजन हे विरुद्ध बाजूचं. ढोबळ हिशेबाने कॅप लावणाऱ्या तिघांपैकी दोघांचा आकडा निम्म्यावर किंवा त्याखाली येतो. पूर्ण 5 च्या खाली येणारे त्याहून कमी. आकडा खाली आणायला सीपॅप नक्कीच जास्त ताकदीचं. फक्त ते रात्रभर तोंडावर असलं तर. कॅप माणसं जास्त तास वापरतात, त्यामुळे तफावत बरीच भरून निघते. सिडनीत 2013 च्या एका अभ्यासात शंभराहून जास्त रुग्णांना दोन्ही उपचार एकेक महिना दिले, तर बीपी आणि दिवसाची पेंग यांत कॅप मागे पडली नाही. म्हणून जो मशीन अजिबात लावणार नाही त्याला उपचाराशिवाय ठेवण्यापेक्षा कॅप देणं मला योग्य वाटतं. पण मालकांनी मशीन अजून लावूनच बघितलेलं नाही. आणि 81 चा ऑक्सिजन तोंड उघडायची वाट बघत बसण्यासारखा नाही.

तेव्हा आत्ता मशीन भाड्याने आणा. रंकाळावाल्यांनी सांगितलं तसा लहान मास्क मागा. दोन-तीन मास्क तोंडावर धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. ते पैलवान आहेत, त्यांना सांगा की पहिला महिना सरावाचा असतो. दुपारी जागेपणी टीव्ही बघताना अर्धा तास लावायचं, मग रात्री. कुशीवर झोपायची सवय लावा, पाठीशी लोड द्या म्हणजे उताणं होता येणार नाही. रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेत असतील तर बंद, दोन्हींनी घसा आणखी सैलावतो. वजनाचं मात्र लक्षात ठेवा: अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये बरीच वर्षं चाललेल्या पाहणीत 10 टक्के वजन उतरलं की आकडा साधारण 26 टक्के उतरलेला दिसला होता. मालकांच्या बाबतीत दहा किलो. मैदानाच्या आधी पैलवान वजन उतरवतात, त्यांना कसं ते मी सांगायला नको.

तोंड उघडू लागलं, हिरड्या ठीक निघाल्या आणि मशीन मनापासून लावूनही जमलं नाही, तर कॅपचा विचार करू. त्या वेळी डॉक्टर कुणीही निवडा, पण तीन गोष्टी आधी विचारून घ्या: कॅप मापाची आणि पुढेमागे करता येणारी आहे का, सकाळचा जबडा जागेवर आणणारा तुकडा देतात का, आणि कॅप घालून पुन्हा तपासणी करणार का. तिसऱ्याला नाही म्हटलं तर तिथे माप देऊ नका.

पॅटर्नमेकर_उद्यमनगर

वहिनी, कॅप झालीच तर एक लक्षात ठेवा. गरम पाण्याने धुवायची नाही, वाकडी होते. टूथपेस्टही नको, ओरखडे पडतात आणि त्यात घाण धरते. साधा पातळ साबण आणि मऊ ब्रश. आणि चावीचे फेरे कागदावर लिहून ठेवायचे, डावा-उजवा सारखाच.

करवीरची_सून

मॅडम, बुधवारी तोंडाची तपासणी ठरली आहे. मशीन काल भाड्याने आणलं. दुसऱ्या मास्कला हो म्हणाले, पहिला नाकातून सुटत होता. काल रात्री दीडपर्यंत ठेवलं, मग काढून टाकलं. दुपारी टीव्हीपुढे लावायला बसवलंय. पुतण्या म्हणतो गाडी महिनाभर मीच नेतो. बुधवारी काय निघतं ते इथे लिहिते. रिपोर्टबरोबर बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठीपण न्यायची ना?

दातांची_डॉक्टर_मंगळवार_पेठ

हो, दोन्ही न्या. आणि मावा किती वर्षं, दिवसाला किती पुड्या, हे त्यांना स्वतःला सांगू द्या, तुम्ही कमी करून सांगू नका. पहिल्या रात्री दीडपर्यंत म्हणजे चांगली सुरुवात आहे.